शंट डोक्याचा, दुखणं पोटाचं : कोणाला अनुभव आहे का?

सायली_मुलुंड

नमस्कार मंडळी. एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कामासाठी आलेय.

माझ्या धाकट्या भावाला (आता वय ३४) कॉलेजात असताना टीबीचा मेंदूज्वर झाला होता. त्यातून तो वाचला, पण डोक्यात पाणी साठायला लागलं म्हणून तेव्हाच व्हीपी शंट बसवला. उजव्या कानामागे व्हॉल्व्ह आणि तिथून कातडीखालून मान, छाती करत नळी थेट पोटात. मध्ये एकदा ती तुंबली तेव्हा बदलली. पुढे नोकरी, रोजची लोकल, मित्रांबरोबर ट्रेक, सगळं व्यवस्थित चाललं होतं. शंट आहे हे घरात कोणाच्या लक्षातही नसायचं.

गणपतीत पोट फुगल्यासारखं वाटतंय म्हणाला. मोदकांवर खापर फोडून आईने ओवा दिला. मग भूक मंदावली, दोन घासांत पोट भरायला लागलं. बेंबीच्या उजव्या अंगाला हाताला घट्ट लागायला लागलं. नेहमीच्या डॉक्टरांनी आधी गॅसच्या गोळ्या दिल्या, मग जंताचं औषध. शेवटी पँटचं बटण लागेना तेव्हा सोनोग्राफी झाली. रिपोर्टात लिहिलंय की पोटात पाण्याची मोठी गाठ आहे आणि शंटच्या नळीचं टोक बरोबर त्या गाठीच्या आत आहे. डोकं दुखत नाही, उलटी नाही. संध्याकाळी बारीक कणकण असते, तीही रोज नाही.

आता जनरल सर्जन म्हणतात, सुईने पाणी काढू, मोकळं वाटेल. न्यूरोसर्जन म्हणतात, नुसतं पाणी काढून भागणार नाही; नळी पोटातून बाहेर घेऊ, पिशवीला जोडू, पाणी कल्चरला (त्यात जंतू वाढतात का ते बघायला) पाठवू, मग पुढचं बघू. हे "पुढचं" म्हणजे काय ते विचारेपर्यंत राउंड पुढच्या खाटेवर गेलेला असतो.

कोणाच्या घरात असं झालंय का? आई सारखी विचारतेय की डोक्याच्या आजाराचं पोटात काय काम.

बंडू_गिरगावकर

आईंचा प्रश्न माझाही आहे. मेंदूचं पाणी पोटात सोडतात हेच मला माहीत नव्हतं. ते तिथे जाऊन होतं काय? लघवीतून बाहेर पडतं का?

सोनोवाला

मी रेडिओलॉजिस्ट आहे, न्यूरोसर्जन नाही, हे आधीच सांगतो. तपासल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण काय चाललंय ते सांगू शकतो.

बंडूशेठ, मोठ्या माणसाच्या मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं. एका वेळी मेंदू आणि मज्जारज्जूभोवती मिळून असतं ते मात्र १५० मिलीच्या आसपास. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळं पाणी नवं होतं आणि जुनं रक्तात शोषलं जातं. ही शोषणाची वाट बंद झाली, की आतले कप्पे फुगतात. शंट म्हणजे त्या पाण्याला काढून दिलेली दुसरी वाट. पोटाच्या आतलं अस्तर, पेरिटोनियम, खूप पसरलेलं असतं आणि पाणी सहज शोषून घेतं. तिथून ते रक्तात जातं आणि जास्तीचं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. त्यामुळे लघवीतून जातं हे तुमचं बरोबरच, फक्त वळसा घालून.

सायली, तुमच्या भावाच्या रिपोर्टात जे आहे त्याला आम्ही स्यूडोसिस्ट म्हणतो. नळीच्या टोकाभोवती पोटाचं अस्तर आणि आतड्यांवरची चरबीची चादर सुजते, एकमेकांना चिकटते आणि एक बंद कप्पा तयार होतो. डोक्यातून पाणी येतच राहतं, पण त्या कप्प्याची भिंत ते शोषत नाही. म्हणून गाठ वाढते. ही कॅन्सरची गाठ नव्हे, हे आईला आधी सांगा. "गाठ" म्हटलं की सगळे तिथेच अडकतात.

कारणांत पहिला नंबर जंतुसंसर्गाचा. तोही दणकून ताप आणणारा नाही. कातडीवर एरवी निरुपद्रवी राहणारे जंतू नळीवर पातळ थर करून बसतात आणि महिनोन्महिने कुरबुर करत राहतात. टीबीच्या पाण्यात प्रथिनं जास्त असतात, त्यानेही शोषण बिघडतं, पण इतक्या वर्षांनी तो मुद्दा मागे पडला असावा. नळी पूर्वी एकदा बदललेली आहे आणि संध्याकाळची कणकण आहे. न्यूरोसर्जन जंतूंचा संशय धरून चाललेत ते त्यामुळेच असणार.

सुईने पाणी काढलं तर दोन दिवस बरं वाटेल. पण वरचा नळ चालू आहे आणि नळीवर जंतू असतील तर तेही तिथेच. गाठ परत भरते.

आर्याची_आई

सायली, आमची आर्या जन्मतः स्पायना बिफिडाची, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटलेली. पहिल्या महिन्यातच शंट बसला. आता नववीत आहे आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते.

शंटनंतर काही आठवड्यांत तिच्या जांघेत फुगवटा आला. हर्निया. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की तान्ह्या बाळांत पोटातून जांघेकडे जाणारी एक वाट पुष्कळदा पूर्ण बंद झालेली नसते. पोटात रोज जास्तीचं पाणी उतरायला लागलं की दाब वाढतो आणि ती वाट उघडी पडते. मुलग्यांत तेच पाणी अंडकोशात उतरतं, कधी कधी नळीचं टोकसुद्धा. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या बाळाचं तसंच होतं. छोटं ऑपरेशन होऊन निभावलं.

आणि लहान मुलांच्या आईबापांनी एक लक्षात ठेवा. सायलीच्या भावाला डोक्याचा त्रास नाही, पण मुलांत बहुतेकदा उलटं असतं. आर्याला सातव्या वर्षी हीच पोटातली गाठ झाली तेव्हा पोट जेमतेम फुगलं होतं. ती नुसती पेंगायची, सकाळी उठल्या उठल्या उलटी करायची, चिडचिड करायची. शाळेतून "लक्ष देत नाही" म्हणून चिठ्ठी आली होती.

वैद्यप्रेमी

पोटातील जलसंचय हा उदररोगाचा प्रकार आहे. विरेचन आणि बस्ती उत्तम. एरंडेल रोज रात्री. ऑपरेशनच्या नादी लागण्यापूर्वी एकदा विचार व्हावा.

सोनोवाला

वैद्यप्रेमी, आदर ठेवून सांगतो. हे पोटात तयार झालेलं पाणी नाही, डोक्यातून येणारं आहे. जुलाब देऊन गाठीची भिंत विरघळत नाही, रुग्णाचं अंगातलं पाणी आणि क्षार मात्र जातात. आणि एनिमाचा निर्णय अशा पोटात घरी घ्यायचा नसतो. कृपया या धाग्यावर हा सल्ला नको.

निवृत्त_सिस्टर

उशिरा वाचलं. महापालिकेच्या रुग्णालयात न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात माझी बरीच नोकरी गेली, म्हणून "पुढचं बघू" म्हणजे काय ते सांगते. सायली, घरच्यांना वाचून दाखव.

एक. नळी बहुतेक छातीवर किंवा पोटावर छोटी चीर देऊन बाहेर घेतात आणि पिशवीला जोडतात. संसर्ग पक्का असेल तर पूर्ण शंट काढून डोक्यातून तात्पुरती वेगळी नळी ठेवतात, तिला ईव्हीडी म्हणतात. पाणी कल्चरला जातं. गाठ मोठी असेल तर सोनोग्राफीत बघून सुईने रिकामी करतात. कधी काहीच करावं लागत नाही, वरून येणारं पाणी थांबलं की ती आपोआप आटते.

दोन. कल्चर. इथे नातेवाईकांचा धीर सुटतो. "दोन दिवसांत रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग सोडत का नाहीत?" काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून प्लेट दहा-बारा दिवस ठेवतात. मधल्या काळात शिरेतून अँटिबायोटिक चालतं. पाणी लागोपाठ स्वच्छ आलं की मगच नवी नळी.

तीन. नवी नळी कुठे? पोट शांत झालं असेल तर बहुतेकदा पुन्हा पोटातच, पण दुसऱ्या बाजूला. हल्ली दुर्बिणीतून बघून मोकळी जागा शोधून टाकतात. पोट वारंवार नकार देत असेल तर मानेच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात, नाहीतर फुप्फुसाच्या आवरणात. त्या जागांची दुखणी वेगळी, म्हणून पहिली पसंती पोटालाच.

आता पिशवीबद्दल, कारण डॉक्टर हे सांगायला थांबत नाहीत आणि सिस्टरला सात खाटा असतात. पिशवीच्या वर एक नळकांडं असतं, त्यात थेंब पडताना दिसतात. ते नळकांडं किती उंचीवर टांगायचं हे कानाच्या पातळीवरून मोजतात. उंची डॉक्टर ठरवतात आणि स्टँडवर चिकटपट्टीची खूण करतात. खाट वर-खाली केली, रुग्ण उठून बसला, उशी काढली, की कान हलला. मग ते माप चुकलं. पिशवी खाली राहिली तर पाणी भसाभस जातं, डोकं भयंकर दुखतं, मेंदूभोवती रक्त साकळू शकतं. वर राहिली तर पाणी थांबतं. म्हणून उठवण्याआधी चावी बंद, माप पुन्हा लावलं की चावी उघडी. बंद करायला सगळ्यांना आठवतं, उघडायला विसरतात. सफाईवाल्या मावशींनी स्टँड सरकवला, वॉर्डातल्या मामांनी एक्स-रेला न्यायला खाट वाकवली, तर लगेच सिस्टरला हाक मारायची. स्वतः हात लावायचा नाही. लाजायचंही नाही, आम्ही वैतागतो पण येतो.

सायली_मुलुंड

सिस्टर, तुमचं पोस्ट आईला दोनदा वाचून दाखवलं. भाऊ म्हणाला, प्रिंट काढून खाटेला लाव.

न्यूरोसर्जनच्या युनिटला दाखल करतोय. जनरल सर्जनशी बोललो, त्यांनीही नळीचा निर्णय आधी होऊ दे असंच सांगितलं. फक्त एक विचारायचं होतं. मावसभावाने कुठेतरी वाचलंय की नळीशिवाय दुर्बिणीचं ऑपरेशन असतं, ते केलं की शंटच लागत नाही. मग ते का नको?

सोनोवाला

ईटीव्ही. मेंदूच्या तिसऱ्या कप्प्याच्या तळाला दुर्बिणीने भोक पाडून पाण्याला आतल्या आत वाट करून देतात. कप्प्यांमधली अरुंद नळी तुंबलेली असेल त्याला ते उत्तम लागू पडतं. टीबीनंतर मेंदूच्या तळाशी आवरणं एकमेकांना चिकटलेली असतात आणि शोषणाची बाजूही बिघडलेली असू शकते, म्हणून यशाची खात्री कमी. तान्ह्या बाळांतही यश मोठ्या मुलांपेक्षा कमी. पण विचारा जरूर. एमआरआय बघून न्यूरोसर्जन एका वाक्यात सांगतील, आणि शंट पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न रास्त आहे.

जोशीकाका_पार्ले

आमच्या सौ.ना तीन वर्षांपूर्वी शंट बसला. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, लघवी आवरायची नाही, विसरभोळेपणा. सगळे म्हणाले वय झालं. निघालं नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे उतारवयात डोक्यात पाणी साठण्याचा आजार. शंटनंतर त्या पुन्हा हनुमान रोडच्या बाजारात एकट्या जायला लागल्या आणि भाजीवाल्याशी घासाघीस सुरू झाली.

आमचा अनुभव साधा आहे, पण सांगण्यासारखा. गेल्या उन्हाळ्यात चाल पुन्हा बिघडली. शंट बंद पडला या भीतीने धावत गेलो. सीटी झालं, एक्स-रे झाले, नळी कुठे तुटलेली नाही. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोट साफ होतं का? होत नव्हतं, आठवडाभर. पोट गच्च भरलं की आतला दाब वाढतो, आणि पाणी तर दाबाच्या फरकानेच उतरतं. खालचा दाब वाढला की वरचं पाणी अडतं. औषध देऊन पोट मोकळं केलं आणि चाल सुधारली. आता इसबगोल, पपई, भरपूर पाणी यांची शिस्त घरात शाळेसारखी चालते.

पुढे पित्ताशयाचे खडे निघाले, दुर्बिणीने काढायचे होते. त्यात पोटात गॅस भरतात. शंट आहे हे भूलतज्ज्ञांना आधी सांगितलं. त्यांनी न्यूरोसर्जनशी बोलून घेतलं, गॅसचा दाब कमी ठेवला, सगळं निर्विघ्न झालं. आमचा व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने जुळवायचा आहे, तेव्हा एमआरआयनंतर सेटिंग तपासून घ्यावं लागतं. काही व्हॉल्व्हचं बदलू शकतं म्हणे.

आर्याची_आई

काका, बद्धकोष्ठाबद्दल अगदी पटलं. स्पायना बिफिडाच्या मुलांना ते असतंच. आमच्या ओपीडीत तर आधी पोट साफ आहे का विचारतात आणि मग डोक्याकडे वळतात.

कोकणी_माणूस

हे लिहू की नको विचार करत होतो, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

चुलतभावाची मुलगी, वय चार. शंट लहानपणीच बसलेला. एक दिवस गावी परसाकडे बसली असताना आईला शौचाच्या जागी पांढरी दोरीसारखी वस्तू लोंबताना दिसली. जंत समजून ती ओढायला गेली. आजीने हात धरला म्हणून बरं. ती शंटची नळी होती. आतड्याला भोक पाडून आत शिरली होती आणि खालून बाहेर आली होती. पोर खेळत होती, पोट मऊ, ताप नाही. तालुक्याच्या डॉक्टरचाही विश्वास बसेना. फोटो पाठवला तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ओढू नका, आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा आणि निघा. परळच्या रुग्णालयात आणली.

सोनोवाला

आजींना नमस्कार सांगा. हे विरळा आहे, शंट असलेल्या शंभरांत एकालाही होत नाही, पण होतं. नळीचं टोक आतड्याच्या एकाच जागी घासत राहतं, हळूहळू भिंत झिजते. बाहेरून तंतूंचं आवरण चढत जातं, त्यामुळे आतड्यातलं पोटात सांडत नाही आणि पोट गप्प राहतं. धोका वेगळाच असतो. आतड्यातले जंतू नळीवरून वर चढतात आणि मेंदूज्वर करतात. शंटवाल्या माणसाच्या मेंदूच्या पाण्यात ई-कोलायसारखा आतड्यातला जंतू सापडला तर न्यूरोसर्जन आधी पोटच बघतात.

ओढायचं नाही कारण नळी वर जोडलेली असते. ऑपरेशनमध्ये वरचा सांधा आधी तोडतात, मग घाण झालेला तुकडा खालूनच बाहेर काढतात, वर ओढत नाहीत. बहुतेकदा पोट उघडावंही लागत नाही. आवरणाची वाट आपली आपण बुजते. मग अँटिबायोटिक, पाणी स्वच्छ झालं की नवा शंट.

बंडू_गिरगावकर

बाप रे. एवढी भानगड असेल तर पोटातच का घालतात?

टूलरूम_रमेश

याचं उत्तर मला देऊ दे, माझा धंदा लेथचा आहे आणि ही गोष्ट आवडीची. १९५६ साली अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या कुलुपांच्या कंपनीतल्या कारागिराने स्वतःच्या मुलासाठी पहिला कामाचा व्हॉल्व्ह बनवला. मुलाला स्पायना बिफिडा होता. मुलाचे न्यूरोसर्जन डॉ. स्पिट्झ यांनी अडचण सांगितली की पाणी जाऊ द्यायचं पण रक्त उलट येऊ द्यायचं नाही, आणि या माणसाने सिलिकोनच्या चिरा असलेला झडपेचा मार्ग शोधला. तेव्हा नळी हृदयाकडे जायची. पोर वाढलं की ती तोकडी पडायची आणि संसर्ग झाला तर थेट रक्तात. पोटात नळीचा फूट-दीड फूट जास्तीचा तुकडा सोडून देता येतो, मूल वाढेल तशी ती उलगडत जाते. सिलिकोन चांगलं मिळायला लागल्यावर पोट हीच मुख्य जागा झाली.

आपल्या देशातही शंट बनतात. छाबडा शंट उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला तयार होतो, परदेशी शंटच्या काही हिश्श्याच्या किमतीत. युगांडात १९५ मुलांवर त्याची महागड्या परदेशी शंटशी तुलना झाली, २००५ साली निष्कर्ष छापून आले. वर्षभरात दोघांच्या निकालात फरक दिसला नाही. स्वस्त म्हणून कमी प्रतीचा, असं समजून कर्ज काढणाऱ्यांसाठी सांगतोय.

सोनोवाला

रमेशभाऊ, पूर्ण सहमत. पैसे जास्तीचे घालायचेच असतील तर कशाला, याचं एक उत्तर आहे : अँटिबायोटिक मुरवलेली नळी. ब्रिटन-आयर्लंडमध्ये सोळाशेच्या वर रुग्णांवर चाचणी झाली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्यांदाच शंट बसवणाऱ्यांत साध्या नळीला संसर्ग सुमारे ६ टक्के, अँटिबायोटिकवालीला २ टक्के, आणि चांदी लावलेलीला साधीइतकाच. सायली, तुमचा प्रसंग पहिल्या शंटचा नाही, तरी विचारून बघा.

प्राची_डोंबिवली

खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून. महापालिका आणि सरकारी रुग्णालयांत ऑपरेशनचा खर्च फार नसतो, पण शंट बाहेरून आणायला सांगू शकतात. त्या चिठ्ठीवर लगेच दुकानाकडे धावू नका. आधी समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे विचारा. सिद्धिविनायक न्यासही वैद्यकीय मदत देतो, अर्जाला डॉक्टरांचं अंदाजपत्रक लागतं. आम्ही सासऱ्यांच्या वेळी हे सगळं केलं. कागद पूर्ण असले की काम होतं. एक झेरॉक्स कमी पडली की परळ-डोंबिवली परत एकदा.

ऋता_ठाणे

मला लहानपणापासून शंट आहे आणि मला चार वर्षांची मुलगी आहे, हे मुद्दाम लिहितेय कारण गुगल वाचून मुली घाबरतात. शेवटच्या तीन महिन्यांत पोट वाढतं तसा नळीवर दाब येऊ शकतो. मला थोडी डोकेदुखी झाली, न्यूरोसर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांची नजर होती. डिलिव्हरी नॉर्मल झाली. शंट आहे म्हणून सिझेरियन करावंच लागतं असं नाही. करावं लागलंच तर नळी कोणत्या बाजूने खाली आलीय ते टेबलावरच्या माणसांना आधी माहीत हवं, एवढंच.

सायली_मुलुंड

अपडेट देते. बऱ्याच जणांनी माझ्या विचारपुशीत विचारलं, उत्तरं देता आली नाहीत, रागवू नका.

नळी बाहेर घेतली. पोटातून जे पाणी निघालं ते स्वच्छ नव्हतं, किंचित पिवळट, गढूळ. पहिले काही दिवस कल्चर निगेटिव्ह होतं आणि घरात "उगाच केलं का" सुरू झालं होतं. मग प्लेटवर वाढ दिसली. कातडीवरचाच तो सावकाश वाढणारा जंतू. सिस्टर, तुम्ही म्हणालात तसंच. मग पूर्ण शंट काढला, ईव्हीडी ठेवली, अँटिबायोटिक.

वॉर्डातलं काय सांगू. भाऊ त्या नळकांड्याकडे बघत पडायचा आणि थेंब मोजायचा. रात्री बाजूच्या खाटेवरचे आजोबा पाणी मागायला वाकले आणि स्टँडला धक्का लागला, तर हा अर्ध्या झोपेतून "सिस्टर, माप!" म्हणून ओरडला. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात त्याचं नाव "माप" पडलं.

पोट आपोआप उतरलं, बटण लागतं. ईटीव्हीचं विचारलं. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, याच्यात उपयोग होईलसं वाटत नाही. नवी नळी डाव्या बाजूला टाकली, दुर्बिणीतून बघून. अँटिबायोटिकवाली मिळाली, प्राचीताईंनी सांगितलेल्या टेबलावरून बरंच काम झालं. टाके निघाले, घरी आलाय. लोकलचा प्रवास सध्या बंद.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी एक कार्ड दिलं. व्हॉल्व्ह कोणता, कधी बसवला, नळी कोणत्या बाजूला. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. पुढे अपेंडिक्स असो की आणखी काही, पोटात पू झाला तर शंट बाहेर घ्यावा लागतो, म्हणून पोटाच्या कुठल्याही डॉक्टरला हे कार्ड आधी दाखवायचं, असं बजावलंय. शेवटच्या सीटीची सीडीही जपून ठेवायला सांगितली. पुढे कप्पे फुगलेत का ते जुन्या चित्राशी ताडूनच कळतं म्हणे.

जोशीकाका_पार्ले

मापरावांना शुभेच्छा. इसबगोल विसरू नका.

कोकणी_माणूस

छान झालं ताई. आमची पोर आता पहिलीत आहे.

टूलरूम_रमेश

पावसाळ्याचंही ठरवून ठेवा. हिंदमाताला पाणी भरलं की परळ गाठणं अवघड होतं, ट्रॅकवर पाणी आलं की मुलुंडहून निघणंच कठीण. अशा वेळी शंट बसवला तिथेच जायचा हट्ट नको. सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, फोन नंबर काय, हे आत्ताच लिहून ठेवा.

नवीन_सदस्य_कल्याण

धागा वाचला. पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ. माझ्या मुलीला, वय नऊ, शंट आहे. परवापासून पोट दुखतंय, उजव्या बाजूला दाबलं तर रडते. ताप ९९-१००. उलटी एकदाच झाली, आज सकाळी. दुपारपासून झोपून आहे. सोमवारी आमच्या डॉक्टरांची ओपीडी आहे. तोपर्यंत पोटाची गोळी देऊन थांबलं तर चालेल का?

निवृत्त_सिस्टर

नाही. आत्ता निघा.

ओपीडी सोडा, कॅज्युअल्टीला जा. अपेंडिक्सही असू शकतं, शंटही असू शकतो, घरी बसून कोणालाच कळणार नाही. दुपारपासून झोपलीय ही गोष्ट मला आवडली नाही. हाक मारून उठवा. उठत नसेल, नीट ओळखत नसेल, तर रिक्षा नको, १०८ लावा. वाटेत खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. जुने सीटी आणि शंटची फाइल बरोबर घ्या. न सापडल्यास शोधत बसू नका. केसपेपर काढताना "पोटात दुखतंय" असं सुरू करू नका, नाहीतर पोटाच्या रांगेत बसवतील. पहिलं वाक्य "मुलीला व्हीपी शंट आहे", आणि ते कागदावर लिहिलेलं बघूनच पुढे सरका.

नवीन_सदस्य_कल्याण

हाक मारली, उठली, पण लगेच परत झोपते. १०८ लावलाय.